मोबाइल चोरीला गेला, तर ठाण्यात काय लिहून द्यावे?

व्यापारी बंधूंनो, पूर्वी उधारीची वही गल्ल्यात असे आणि गल्ल्याला कुलूप असे. आता वही, गल्ला आणि किल्ली तिन्ही एकाच मोबाइलमध्ये आहेत, आणि तो वरच्या खिशात घालून आपण लोकलच्या गर्दीत शिरतो.

गेल्या वर्षी कल्याणहून मशीद बंदरला जाताना माझा फोन खिशातून काढला गेला. एका पोलीस चौकीत गेलो. ड्युटीवरचे हवालदार म्हणाले, "शेठ, 'गहाळ' लिहा, लगेच दाखला मिळेल." मालाची गाडी यायची होती. मी लिहून दिले.

'गहाळ' म्हणजे वस्तू तुमच्या हातून हरवली. त्या दाखल्यावर नवीन सिम मिळते, फोनही ब्लॉक होतो. पण गुन्हाच नोंदलेला नाही, मग चोराचा तपास कोण करणार? फोन कोणी काढला असेल तर फिर्यादीत 'चोरी' हाच शब्द हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आहे, हिसकावून नेण्यासाठी वेगळे कलम ३०४. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत मोफत मिळते. नोंद घेण्यास नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो. पाच हजारांच्या आतल्या वस्तूची चोरी अदखलपात्र ठरू शकते, म्हणून कारागीर बंधूंनी फोनची खरेदी पावती जपून ठेवावी.

फोन ब्लॉक करण्याची सोय मे २०२३ पासून देशभर आहे. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' पोर्टलवर पोलिसांच्या कागदासह अर्ज करायचा. त्यासाठी फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर लागतो. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की दिसतात. ब्लॉक झालेल्या फोनमध्ये कोणी सिम घातले की त्याची माहिती पोलिसांकडे जाते.

पण इथे आपल्या लोकांची मोठी गैरसमजूत होते. ब्लॉक होतो तो फोन. आतले फोटो, हिशेब, बिले जिथल्या तिथे राहतात आणि सिम तर चोराच्या हातातच असते. माझे तसेच झाले. त्याने सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले, त्यावर आलेल्या ओटीपीने माझे व्हॉट्सअॅप उघडले आणि आमच्या जरीकामाच्या ग्रुपमधल्या कारागिरांना माझ्या नावाने पैसे मागितले. एकाने चार हजार पाठवले. बिचाऱ्याला वाटले, शेठ अडचणीत आहेत. ते पैसे मी भरून दिले, पण त्याच फोनमध्ये अकरा कारागिरांच्या आधार कार्डांचे आणि पासबुकांचे फोटो होते. ती त्यांची अमानत होती. त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून ठाण्याची पायरी चढण्याआधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम कंपनीला सांगून सिम बंद करावे, मग बँकेला कळवून यूपीआय थांबवावे. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा. फोनचा ठावठिकाणा दिसत असेल तर तो लिहून घेऊन गूगल खात्यातून फोन पुसून टाकावा. पुसल्यावर ठावठिकाणा दिसत नाही. नवीन सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत, तेव्हा त्या दिवशी जीएसटीचे काम ओटीपीवर अडून बसेल हे धरून चालावे.

आज करण्याजोगे काम म्हणजे सिमला पिन लावणे. फोनच्या सेटिंगमध्ये ती सोय असते. मग सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी पिनशिवाय चालत नाही. मात्र तीनदा चुकीचा पिन टाकला तर सिम अडकते आणि कंपनीकडून पीयूके नंबर घ्यावा लागतो. व्हॉट्सअॅपचाही वेगळा पिन ठेवता येतो. आधारचे फोटो काम झाल्यावर पुसावेत.

चार दिवसांनी पुन्हा चौकीत गेलो, कारागिराला आलेले मेसेज दाखवले आणि 'चोरी' लिहून घेतली. फोन अद्याप मिळालेला नाही. नव्या फोनचे दोन्ही नंबर मी उधारीच्या जुन्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.