पट्टी चाकावरून निसटत का नाही?

प्रश्न : निवृत्तीनंतर माढ्यात घरामागच्या जुन्या गोठ्यात हौसेपुरतं सुतारकाम सुरू केलं आहे. नुकताच १४ इंची बँडसॉ घेतला. त्याचं दार उघडून पाहिल्यापासून एक कोडं सुटत नाही. वरच्या आणि खालच्या चाकाला ना कड आहे, ना खाच. मग बोटभर रुंदीची पोलादी पट्टी एवढ्या वेगात बाजूला निसटत कशी नाही? यंत्र लावताना काय बघावं आणि त्यात कोणते बदल करून घ्यावेत, तेही सांगा.
– एक वाचक, माढा (जि. सोलापूर)

उत्तर : पहिल्या प्रश्नात दुसऱ्याचं निम्मं उत्तर दडलेलं आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

चहाचा कागदी कप घ्या. तळाशी निमुळता, तोंडाशी रुंद. चिकटपट्टीचं टोक कपाच्या मध्यावर अगदी आडवं चिकटवा आणि सुरकुती न पाडता पट्टी गुंडाळत जा. ती सरळ जाणार नाही. तुम्ही कितीही सांभाळा, ती तोंडाकडे, म्हणजे रुंद बाजूकडेच चढत जाते. आता असे दोन कप तोंडाला तोंड लावून धरले आहेत असं समजा. मध्ये जाड, दोन्हीकडे उतार. पट्टी डावीकडे ढळली तरी चढणार मध्याकडे, उजवीकडे ढळली तरी मध्याकडेच. तुमच्या बँडसॉच्या चाकावरचं रबर नेमकं असंच आहे. त्यावर स्टीलची मोजपट्टी आडवी टेकवून उजेडासमोर धरा. मध्ये टेकेल आणि कडांशी बारीक फट दिसेल. एवढ्याशा फुगवट्यावर सगळा कारभार चालतो.

ही युक्ती तुम्ही लहानपणापासून बघत आला आहात. जुन्या पिठाच्या गिरणीचा सपाट पट्टा आठवा. तो ज्या पुलीवर फिरे, तिलाही मध्ये असाच फुगवटा असे. गंमत म्हणजे आगगाडीचंही गुपित याच्या जवळचं आहे. तुमच्याच तालुक्यातल्या कुर्डुवाडीहून १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी सुटू लागली. गाडी रुळावर राहते ती चाकाच्या कडेमुळे, असं आपण धरून चालतो. पण चाकाचा घेर आतल्या बाजूला किंचित मोठा असतो. गाडी उजवीकडे सरकली की उजवं चाक मोठ्या घेरावर चालतं, डावं लहान घेरावर, आणि जोडी आपसूक मध्यावर वळते. कड ही फक्त अडीअडचणीची राखण. तिथं चाक वळतं, तुमच्याकडे पट्टी वळते, एवढाच फरक.

पोलादी पट्टी मात्र कातडी पट्ट्यापेक्षा ताठ. नुसत्या फुगवट्यावर तिचं भागत नाही. म्हणून वरचं चाक मागेपुढे किंचित कलवायचा स्क्रू दिलेला असतो. त्याला ट्रॅकिंग म्हणतात. या यंत्राची कल्पना तशी जुनी. विल्यम न्यूबेरी या इंग्रजाने १८०८ मध्ये पेटंट घेतलं, पण यंत्र चाललं नाही. अडचण चाकांची नव्हती, सांध्याची होती. पट्टीची दोन टोकं जिथं जोडत, तिथंच ती तुटे. वाकणं सोसणारा सांधा करण्याचं पेटंट १८४६ साली फ्रान्समध्ये आन पोलीन क्रेपँ या बाईंनी मागितलं. पुढे ते हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीने घेतले आणि पट्टीची करवत खऱ्या अर्थाने कामाला लागली. आजही पट्टी सांध्यावर तुटू शकते. फिरताना ठरावीक अंतराने ‘टक... टक...’ ऐकू आलं की यंत्र बंद करा. सांध्याला चीर गेलेली असू शकते आणि ती प्रत्येक फेरीला टेबलाशी आवाज देऊन जाते.

आता जोडणी. क्रम चुकवू नका, कारण मी चुकवला होता. पट्टी चढवली, आधी गाइड (टेबलाच्या वर आणि खाली पट्टीला आधार देणारे ठोकळे) घट्ट केले आणि मग ट्रॅकिंग फिरवायला गेलो. पट्टी मागे सरकली, दात गाइडच्या लोखंडात घुसले आणि नवी कोरी पट्टी अर्ध्या मिनिटात बोथट झाली.

तर प्लग काढून ठेवा. वरचे आणि खालचे गाइड पूर्ण मागे घ्या. पट्टी चढवा, दात खाली आणि तुमच्या दिशेने. (उलटी चढवलेली पट्टी लाकूड कापत नाही, नुसती तापते. हसू नका, पहिल्यांदा सगळ्यांच्या हातून होतं.) ताण द्या. ताण मोजायचं साधन नसलं तर गाइड टेबलापासून साधारण १५ सेंटीमीटरवर नेऊन पट्टी बाजूने बोटाने दाबा. पाऊण सेंटीमीटरच्या आत लवली तर ठीक. मग वरचं चाक हाताने फिरवत ट्रॅकिंगचा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा, पट्टी फुगवट्यावर स्थिरावेपर्यंत. दहा-वीस फेऱ्या हातानेच घ्या. त्यानंतरच गाइड जवळ आणा. बाजूच्या गाइडमध्ये आणि पट्टीत कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे ०.१ मिमी फट हवी आणि गाइडची पुढची कड दातांच्या मागे राहायला हवी. मागचं बेअरिंग रिकाम्या यंत्रात पट्टीला लागता कामा नये. लाकूड रेटलं तरच ते फिरावं.

टेबल काटकोनात आहे का, हे गुण्याने बघालच. त्याहून पक्की परीक्षा लाकडाची. चौरस तुकड्यात याच यंत्रावर बोटभर खोल काप घ्या, यंत्र बंद करा, तुकडा उलटवून तोच काप पट्टीच्या पाठीशी न्या. पट्टी न अडकता कापात शिरली तर टेबल बरोबर.

फळी उभी चिरताना काप तिरका जातो अशी तक्रार सगळे करतात आणि महागडी फेन्स (फळी टेकवून ढकलायची सरळ कड) आणायला धावतात. बहुतेक वेळा दोष पट्टीचा असतो. एका बाजूचे दात बोथट झाले की ती धारदार बाजूकडे ओढते. आधी पट्टी बदलून बघा. त्यानंतरही तिरकं जात असेल तर फळीवर सरळ रेघ मारून मोकळ्या हाताने तिच्यावरून अर्ध्यापर्यंत कापा, थांबा, आणि फळी ज्या कोनात धरावी लागली त्या कोनात फेन्स लावा.

पट्ट्या दोन पुरेत. फळी चिरायला १२ मिमीची, इंचाला ३-४ दातांची. वळणं कापायला ६ मिमीची. रुंद पट्टी लहान वळण घेत नाही. १२ मिमीच्या पट्टीला सहा-साडेसहा सेंटीमीटर त्रिज्येच्या आत वळवलं की ती पिळली जाते. ६ मिमीची दीड-पावणेदोन सेंटीमीटरपर्यंत वळते. नवी पट्टी जोडून घेताना लांबी अशी काढा : चाकांच्या केंद्रांमधल्या अंतराची दुप्पट, अधिक एका चाकाचा परीघ. अंतर ६३० मिमी आणि चाक ३५५ मिमीचं असेल तर १२६० अधिक १११५, म्हणजे २३७५ मिमी. हा आकडा दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.

बदलांपैकी पहिला बदल विजेचा, आणि त्यावर माझा हट्ट आहे. माढ्यात वीज जाते आणि न सांगता परत येते. साधं बटण चालूच राहिलेलं असलं तर ती परतल्याबरोबर पट्टी फिरू लागते, त्या वेळी तुमचा हात कुठे असेल सांगता येत नाही. म्हणून नो-व्होल्ट कॉइल असलेला सिंगल फेज स्टार्टर लावा. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबेपर्यंत चालू होत नाही. शेतातल्या मोटारीला आपण ऑटो स्विच लावतो, वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून. तो इथं चुकूनही नको. शेतीपंपाच्या जोडणीवरून तार ओढण्याचा मोहही टाळा. ती जोडणी दुसऱ्या कामाला वापरणं नियमबाह्य आहे. संध्याकाळी दाब कमी असेल तेव्हा जाड लाकूड घेऊ नका. मोटारीचा जोर व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर जोर राहतो ६१ टक्क्यांच्या आसपास, आणि वाइंडिंगवाल्याकडे फेरी पडते.

दुसरा बदल वेगाचा, तोही गरज असली तरच. लाकडाला पट्टीचा वेग मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास लागतो. १४४० फेऱ्यांच्या मोटारीवर अडीच इंची पुली आणि यंत्रावर साडेचार इंची असेल तर चाक ८०० फेऱ्या घेतं आणि पट्टी ८९२ मीटर धावते. हिशेब जमला तर पुलीला हात लावू नका. लोखंड कापायचं मात्र याच यंत्रावर मनातही आणू नका. त्याला याच्या दशांशाहून कमी वेग लागतो.

तिसरा बदल फुकटातला आणि मला सगळ्यात आवडणारा. लोखंडी गाइडच्या जागी बाभळीच्या चौकोनी ठोकळ्या बसवा. पूर्ण वाळलेली, गाभ्याची बाभूळ घ्या आणि ठोकळ्या रात्रभर तेलात ठेवा. ज्या लाकडाने बैलगाडीचा तुंबा झेलला, त्याला पट्टीचं घासणं काय जड? शिवाय दात चुकून लागले तरी बोथट होत नाहीत. ठोकळ्या झिजल्या की टोक कापून पुन्हा पुढे सरकवायच्या. मात्र हीच बाभूळ ओली चिरलीत तर डिंक आणि भुसा मिळून खालच्या चाकाच्या रबरावर थर धरतो. फुगवट्याचा आकार बिघडतो आणि पट्टी भरकटू लागते. त्यासाठी दात घासायचा जुना ब्रश खालच्या चाकाला टेकेल असा स्क्रूने बसवून टाका.

उंची वाढवणारा जोडठोकळा एवढ्यात घेऊ नका. वर्षभर सहा इंचांत काम करा.

बांधावरचं लाकूड चिरताना आधी ते लोहचुंबकाने चाचपा. कुंपणाची तार आणि खिळे झाड गिळून बसलेलं असतं. गोल फांदी तर टेबलावर नुसती ठेवून कधीच चिरू नका. पट्टी ती गरकन फिरवते आणि हात सोबत जातो. व्ही आकाराच्या खोबणीत घट्ट बसवूनच ती पुढे ढकला. हातमोजेही नकोत.

शेवटची गोष्ट कागदपत्रांची. ओंडके चिरून फळ्या काढणाऱ्या यंत्राला आपल्याकडे वन विभागाचा परवाना लागतो. डिसेंबर १९९६ मधल्या, वनसंरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशापासून आरा गिरण्यांवर सर्वोच्च न्यायालयाचीही नजर आहे. तुमचं यंत्र घरगुती आणि लहान असलं, तरी त्याचं माप आणि काम लिहून वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. आणि शेजारी ट्रॉलीभर ओंडके घेऊन दारात आले, ‘एवढं तेवढं चिरून द्या’ म्हणाले, तर त्यांना चहा पाजा आणि वखारीचा रस्ता दाखवा.