गाडीवर आहेस का?

वाहन चालवताना लक्ष तीन प्रकारे सुटते : नजर रस्त्यावरून हटते, हात हँडलवरून निघतो किंवा मन भलतीकडे जाते. मोबाइलमुळे हे तिन्ही एकाच वेळी घडते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे सरकते. मेसेज कोणाचा हे बघायला तीन सेकंद लागले, तर तेवढ्यात ३३ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या दीड खेळपट्टीहून जास्त अंतर, न बघताच कापले जाते.

जुळे सोलापूरकरांच्या नेहमीच्या विजापूर रोडवर हे अंतर फार महाग पडू शकते. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर या भागात रात्रीही दिसतात. बाहेर लोंबणाऱ्या उसाआड मागचा दिवा झाकला जातो आणि रिफ्लेक्टर नसेल, तर उभी ट्रॉली जवळ जाईपर्यंत कळत नाही.

प्रस्तुत लेखकाला हा धडा याच रस्त्यावर सैफुलजवळ मिळाला. संध्याकाळची वेळ होती, फोन हेल्मेट आणि गालाच्या मध्ये खोचलेला, आणि बोलणे चालले होते ते दूध अर्धा लिटर आणायचे की एक लिटर, यावर. फोन घसरला. तो सावरायला डावा हात वर गेला, नजर खाली गेली; मान वर केली तेव्हा ट्रॉली समोर होती. गळ्याजवळचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात झोळीत राहिला.

कानात हेडफोन घातला की धोका टळतो, हा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हँड्सफ्री फोनही फारसा सुरक्षित नाही. हात मोकळे असले, तरी मन बोलण्यात गुंतलेले असते. डोळ्यांना दिसलेली वस्तू मेंदूपर्यंत उशिरा पोचते, कधी पोचतच नाही.

२०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४नुसार हातात फोन घेऊन गाडी चालवणे हे धोकादायक वाहन चालवणे ठरते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने केवळ रस्ता शोधण्यासाठी फोन वापरण्यास २०२०पासून नियमांत मुभा आहे.

उपाय साधे आहेत. निघण्यापूर्वी फोन सायलेंट करून डिकीत टाकावा. नकाशा हवा असेल, तर तो गाडी सुरू करण्याआधी लावावा. फोन घेणे भागच असेल, तर गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घेऊन थांबवावी. चालता चालता वेग कमी करणे पुरेसे नाही. अपघात दिसल्यास १०८ला फोन करावा.

फोन करणाऱ्यावरही जबाबदारी असते. लेखकाच्या घरी आता फोनवरचा पहिला प्रश्न ‘गाडीवर आहेस का?’ हाच असतो. उत्तर ‘हो’ आले, की दुधाचे न विचारता फोन ठेवला जातो.