खूण पुसली की कात्री चुकते

थॅलेसेमिया झालेल्या बाळाचे आईवडील हमखास विचारतात, "डॉक्टर, आम्हा दोघांना काही त्रास नाही, मग बाळालाच का?" याचे उत्तर पेशीच्या पोटात आहे.

रक्तातील हिमोग्लोबिनची बीटा साखळी कशी बनवायची, याची कृती अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात लिहिलेली असते. ती सुमारे १६०० अक्षरांची. पेशी ती आधी आरएनएवर उतरवून घेते. गंमत अशी की, या मजकुरात मधेच दोन ठिकाणी साखळीला न लागणारे भाग असतात. ते कापून उरलेले तीन तुकडे नेमके जोडले, तरच साखळी तयार होते. या कापाजोडीला 'स्प्लायसिंग' म्हणतात. १९७७ साली ही गोष्ट उघडकीस आली आणि त्याबद्दल रिचर्ड रॉबर्ट्स व फिलिप शार्प यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिंपी खडूच्या खुणेवर कात्री चालवतो. आरएनएतही कापायच्या जागी खुणेची अक्षरे असतात. आपल्या देशात बीटा थॅलेसेमियाचा जो दोष सर्वांत जास्त आढळतो, तो पहिल्या टाकाऊ भागाच्या पाचव्या अक्षरात आहे. तिथे 'जी'ऐवजी 'सी' पडते. म्हणजे साखळीच्या कृतीतले एकही अक्षर चुकलेले नाही! फक्त खूण पुसट झाली, कात्री बहुतेक वेळा भलतीकडे चालते आणि चांगली साखळी फारच थोडी बनते.

या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. एकच सदोष असेल तर दुसरी निभावून नेते. हा 'थॅलेसेमिया मायनर', हा आजार नव्हे. हिमोग्लोबिन थोडे कमी दिसते एवढेच. (अशांना तपासणीशिवाय वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, ते योग्य नाही.) दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला 'मेजर' होण्याची शक्यता २५ टक्के. "एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली" हा हिशेब चुकीचा आहे.

जन्मतः बाळ छान दिसते, कारण गर्भातल्या हिमोग्लोबिनला बीटा साखळी लागत नाही. साधारण सहा महिन्यांनंतर ते पांढरे पडू लागते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, आणि त्यातून साठणारे लोह काढायची औषधे. भावंडाचा अस्थिमज्जा जुळला तर रोपणाने आजार बरा होऊ शकतो. पण ते सर्वांच्या नशिबी नसते.

सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत मायनरचे प्रमाण जास्त आहे, तरी इतरांनी निर्धास्त राहू नये. 'हिमोग्लोबिन ए-टू' ही रक्ततपासणी लग्नापूर्वी करावी. ते ३.५ टक्क्यांहून जास्त आले तर बहुधा मायनर समजावे. मात्र शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा फसवतो. गरोदर स्त्री मायनर निघाली तर पतीचे रक्त त्याच आठवड्यात तपासा. दोघेही निघाले तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा कण तपासून बाळाचे निदान होते; म्हणून नाव नोंदवायला पाचव्या महिन्याची वाट पाहू नका.