कार्टूनांचे पुनरवतार : कोणासाठी आणि कोणत्या भाषेत?

कार्टून हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकांकातील अभ्यासलेखाला शोभेल काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे शक्य आहे. परंतु लोककथा, भारूड, बहुरूप्यांची सोंगे यांचा अभ्यास आपण आदराने करतो, तो त्यांत समाजाचे मन उमटलेले असते म्हणून. गेल्या तीस वर्षांत नांदेड-लातूरकडच्या लेकरांचे मन ज्या गोष्टींवर पोसले गेले, त्यांत आजीच्या गोष्टींइतकाच वाटा कार्टूनांचा आहे. आमच्या अनेक प्राध्यापकांचे बालपण दूरदर्शनवरील मोगलीसोबत गेले. आम्हा विद्यार्थ्यांचे छोटा भीमसोबत गेले. आमची धाकटी भावंडे मोबाइलवर हवे ते, हवे तेव्हा पाहतात. एकाच घरात, एकाच ओसरीवर या तीन पिढ्या आज नांदत आहेत.

अलीकडे जुनी कार्टूने नव्या रूपात पुन्हा येऊ लागली आहेत. ती आली की वाद ठरलेला असतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आमच्या वेळची सर आजच्याला नाही.’ लहान मुले म्हणतात, ‘तुमचे फारच सावकाश चालते.’ या वादात कोण बरोबर हे ठरवण्याआधी, असे पुनरवतार कोणाकडे पाहून घडवले जातात हे तपासणे मला अधिक आवश्यक वाटते.

मोगलीचा प्रवास

प्रथम मोगलीचे उदाहरण घेऊ. रुडयार्ड किपलिंगचे ‘द जंगल बुक’ १८९४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील सिवनीचे जंगल आपल्यापासून फार दूर नाही. नागपूरच्या उत्तरेस, मध्य प्रदेशात ते येते. या कथेवर डिस्ने कंपनीने १९६७ साली कार्टूनपट काढला. १९८९ साली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने ५२ भागांची मालिका केली. हीच मालिका हिंदी रूपात १९९३ पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर येऊ लागली. तिचे हिंदी शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाजांचे, आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. ते गीत जपानी मालिकेत नव्हते. म्हणजे आपण ज्याला ‘मूळ मोगली’ म्हणून कवटाळतो, तोच मुळी इंग्लंड, अमेरिका आणि जपान असा फिरून आलेला आणि हिंदीत नव्याने घडलेला अवतार होता. या कथेचे शुद्ध मूळ रूप शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही.

पुढे मोगली तीन प्रकारे परतला. २०१० मध्ये हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटने संगणकावरील त्रिमितीय चित्रांत नवी मालिका केली. २०१६ मध्ये डिस्नेचा नवा चित्रपट आला. त्याच्या हिंदी आवृत्तीत शेरखानचा आवाज पुन्हा नाना पाटेकरांचाच होता, आणि ते जुने शीर्षकगीतही प्रसिद्धीसाठी नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले. तिसरे पुनरागमन एप्रिल २०२० मधले. टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने जुनीच मालिका पुन्हा दाखवली.

या तिघांचे हेतू वेगवेगळे दिसतात. २०१० ची मालिका नव्या मुलांसाठी होती. तिचे भाग सुमारे ११ मिनिटांचे. प्रत्येकात एक अडचण आणि तिचे निवारण. २०१६ च्या हिंदी आवृत्तीतला तो आवाज आणि ते गीत मात्र स्पष्टपणे १९९३ च्या मुलांसाठी होते. ती मुले आता आई-बाप झाली होती आणि तिकिटे तीच काढणार होती. २०२० मध्ये जे झाले त्याला पुनरवतार म्हणता येणार नाही. ते केवळ जुन्याचे पुन्हा दर्शन होते. पण त्यातून एक परीक्षा आपोआप होऊन गेली. आमच्या घरी सहा वर्षांचा चुलतभाऊ पहिल्या दिवशी कंटाळून उठला. ‘दादा, ह्यो शेरखान येनार तरी कवा?’ असे त्याने दोनदा विचारले. आठवड्याच्या आत तोच दुपारी एकच्या ठोक्याला पुढे येऊन बसू लागला. जुन्याची गती मुलांना सोसत नाही, हे विधान निदान सरसकट खरे नाही, एवढे यावरून मी म्हणेन.

जुने आणि नवे

तुलना करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एक, कलाकृतीतला फरक. दुसरी, पाहण्याच्या रीतीतला फरक.

कलाकृतीच्या दृष्टीने जुन्या मालिका हाताने काढलेल्या चित्रांच्या असत. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. पण दूरचित्रवाणीच्या खर्चात तितकी चित्रे काढणे परवडत नसे. म्हणून एकच चित्र दोन-तीन चौकटी टिकवायचे आणि पार्श्वभूमी स्थिर ठेवून डोळ्यांवर रोखायचे, अशी काटकसर होई. या काटकसरीतूनच एक शैली जन्मली. शेरखान येण्यापूर्वीची शांतता, न हलणारे झाड, मोगलीचा रोखलेला चेहरा, हे सारे आपल्याला परिणामकारक वाटले. त्याचे एक कारण पैशाची चणचण हेही होते. आता संगणकाने ती अडचण बरीच दूर केली आहे. अंगावरचा केस न् केस हलतो, कॅमेरा झाडाभोवती फिरतो. हे कौशल्य कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र सतत हालचाल शक्य झाली की थांबण्याची कला मागे पडते, हेही खरे.

दुसरा फरक कथेच्या बांधणीचा आहे. जपानी मोगली भागागणिक वाढतो, शिकतो आणि अखेरीस माणसांच्या गावाकडे वळतो. भीमाच्या ढोलकपुरात काळ सरकत नाही. भीम लाडू खातो, संकट टळते, पुढच्या भागात सारे पूर्ववत. तरीही भीमाची निर्मिती भारतीय होती; गाव, लाडू, कुस्ती हे आमच्या ओळखीचे होते. जपानी मोगलीत तो आपलेपणा आवाजाने आणि गीताने आणावा लागला. भीमातही दोष आहेत. दांडगटपणा करणाऱ्या मुलाचे नाव नेमके ‘कालिया’च का असावे, हा प्रश्न आज वर्गात विचारला तर विद्यार्थी गप्प होतात. पुनरवताराचा एक उपयोग असे दोष सुधारणे हा असू शकतो.

पाहण्याच्या रीतीतला फरक याहून मोठा आहे. रविवारी एकदाच दिसणारे कार्टून सोमवारी शाळेत सर्वांच्या बोलण्यात असे. सगळ्यांनी तेच पाहिलेले असे. ज्याच्या घरी संच नाही तो शेजाऱ्याच्या दारात उभा राही. आज तीन भावंडे तीन मोबाइलवर तीन गोष्टी पाहतात. मोठ्यांना ज्याची ओढ वाटते त्यात चित्रांचा वाटा थोडा आणि एकत्र वाट पाहण्याचा मोठा आहे, असे मला वाटते. कोणतीही नवी आवृत्ती ती वाट परत आणू शकत नाही, आणि तिने ती आणावी अशी अपेक्षा धरणेही न्याय्य नाही.

आमच्या भीमाची दोन रूपे

आम्हा विद्यार्थ्यांनी या वादात फार ऐटीत बसू नये, कारण आमचे ‘नवे’ कार्टूनही आता जुने झाले आहे. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनने ‘छोटा भीम’ २००८ साली पोगो वाहिनीवर आणला. त्याच संस्थेने २०१९ मध्ये ‘मायटी लिटल भीम’ काढले. त्यात भीम रांगते बाळ आहे आणि संवाद नाहीत. २०२४ मध्ये माणसांनी अभिनय केलेला ‘छोटा भीम’ चित्रपट आला; त्याची गोष्ट २०१२ च्या कार्टूनपटावर बेतलेली होती. पहिल्याने आणखी लहान मुलाकडे पाहिले. दुसऱ्याने आमच्या आठवणीकडे पाहिले. एकाच पात्राचे हे दोन अवतार शेजारी ठेवले म्हणजे माझा मुद्दा स्पष्ट होतो.

भाषेचा प्रश्न

येथे आपल्या जिल्ह्यांचा म्हणून एक वेगळा प्रश्न उभा राहतो. देगलूर ओलांडले की तेलुगू मुलूख लागतो, उदगीरच्या पुढे कन्नड. तामिळ मुलांना २००७ मध्ये ‘चुट्टी टीव्ही’ मिळाला. तेलुगूत ‘खुशी टीव्ही’ आणि कन्नडमध्ये ‘चिंटू टीव्ही’ २००९ मध्ये सुरू झाले. ही संपूर्ण बालवाहिन्यांची गोष्ट आहे. आमच्या बालपणी आम्ही भीम, मोटू-पतलू, डोरेमॉन सारे हिंदीतच पाहिले.

नांदेडला हिंदी परकी आहे असे कोणी म्हणणार नाही. इथल्या बाजारात ‘कायकू’ आणि ‘नक्को’ पिढ्यान्पिढ्या ऐकू येतात. पण कार्टूनमधली हिंदी ही नव्हे. ती बाजाराचीही नाही आणि घराचीही नाही. परिणामी मुलाच्या कल्पनेतला राजा, राक्षस, जादूगार आणि मित्र हे सगळे एका भाषेत बोलतात, आणि मराठीच्या वाट्याला अभ्यास, रागावणे आणि जेवायला बोलावणे उरते. मुलाची स्वप्ने एका भाषेत आणि गृहपाठ दुसऱ्या भाषेत झाला, तर कोणती भाषा त्याला प्रिय होईल हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको.

मराठीत पात्रे नव्हती असे नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आहे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आहे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आहे, आणि १९९१ पासून ‘सकाळ’मधून घरोघरी गेलेला चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू आहे. यांतील काहींचे पुनरवतार झाले. बोक्यावर २००९ मध्ये आणि चिंटूवर २०१२ मध्ये चित्रपट आले. त्यांत मुले मुलेच राहिली. २०१७ च्या ‘फास्टर फेणे’ची निर्मिती लातूरच्या देशमुख घराण्यातील रितेश देशमुख आणि जेनेलिया यांची होती. त्यात शाळकरी बनेश फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणारा तरुण झाला आणि परीक्षेतील गैरप्रकाराच्या मागे लागला. चित्रपट रंगतदार होता, आणि शिकवणीवर्गांच्या लातूरला हा विषय जवळचाच. २०२४ मध्ये अशाच परीक्षेच्या तपासात लातूरचे नाव वर्तमानपत्रांत आले, तेव्हा अनेकांना तो आठवला असेल. पण फेणे मोठा का झाला? त्याचा वाचक मोठा झाला होता म्हणून. आज दहा वर्षांचा जो मुलगा आहे, त्याच्या वयाचा फेणे त्याला त्या चित्रपटात भेटला नाही. कार्टूनच्या रूपात तर या पात्रांचा ठसा जवळजवळ नाहीच.

निष्कर्ष

चिमणी-कावळ्याची गोष्ट आपल्या आज्यांनी किती वेळा नव्याने सांगितली याची गणती नाही. कधी कावळ्याचे घर वाहून गेले, कधी चिमणीने दार लवकर उघडले, कधी बाळाचा घास संपेपर्यंत पाऊस लांबला. आजीने ती स्वतःचे बालपण आठवावे म्हणून सांगितली नाही. समोरच्या लेकराच्या तोंडाकडे पाहून सांगितली, आणि घरातल्या भाषेत सांगितली. पुनरवताराची कसोटी मला तीच वाटते. जुने चांगले की नवे, हा प्रश्न तिच्यापुढे गौण ठरतो.

या कसोटीला उतरेल असे काम आपल्या हातूनही थोडेफार होऊ शकते. मराठी विभागाकडे गोष्टी आहेत, चित्रे काढणारे मित्र आहेत, आणि ध्वनिमुद्रण करणारा मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. पुढच्या स्नेहसंमेलनात नाटुकल्याच्या जोडीला नांदेडी बोलीतले पाच मिनिटांचे चिऊ-काऊ कार्टून करून जवळच्या प्राथमिक शाळेत दाखवावे, अशी माझी सूचना आहे. ते पाहताना मुले कुठे हसतात आणि कुठे उठून जातात, याची नोंद आपण ठेवू. पुढच्या वर्षीच्या अंकातील लेख त्या नोंदींवर लिहिता येईल.