कामांची वही आणि पुढची कृती

काही वर्षांपूर्वी नववीतील एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज आमच्या हातून राहून गेला. आम्ही तो विसरलो होतो असे म्हणता येणार नाही. दैनंदिनीत ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द दीड महिना आमच्या डोळ्यांसमोर होता. परंतु अर्जास उत्पन्नाचा दाखला हवा होता, दाखल्यासाठी वडिलांची सही व रेशनकार्डाची प्रत हवी होती, आणि आम्ही कागद शोधू लागलो तोवर वडील ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात गेले होते. ऑगस्टअखेर तेच वडील मुलाला भेटण्यास वसतिगृहावर आले असता आमच्याशी बोलूनही गेले होते. सही घेण्यास दोन मिनिटे पुरली असती. मुदत संपली आणि त्या वर्षीची रक्कम बुडाली. मुलाने तक्रार केली नाही. म्हणून आमची चूक लहान ठरत नाही.

ही चूक नेमकी कोठे झाली, याचा उलगडा पुढे डेव्हिड ॲलन या अमेरिकी लेखकाच्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या 2001 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे झाला. ज्या कार्यास एकाहून अधिक कृती लागतात, त्यास ॲलन ‘प्रकल्प’ म्हणतात. प्रकल्प थेट करता येत नाही. करता येते ती केवळ त्याची पुढची कृती. ‘शिष्यवृत्ती’ हा प्रकल्प होता. ‘वडील येतील तेव्हा सही घेणे’ ही कृती होती. आम्ही पहिली गोष्ट लिहिली, दुसरी लिहिलीच नाही.

या पद्धतीचे पाच टप्पे आहेत.

1. टिपणे : मनात आलेले प्रत्येक काम, लहान असो वा मोठे, त्याच क्षणी एका ठरावीक जागी लिहावे. स्मरणशक्तीवर विसंबू नये.

2. उकल करणे : टिपलेल्या प्रत्येक नोंदीस विचारावे, यात काही करावयाचे आहे काय? असल्यास पुढची कृती कोणती? ती दोन मिनिटांत होणारी असेल तर लगेच करून टाकावी.

3. लावणे : प्रकल्प, पुढच्या कृती, इतरांकडून येणे असलेल्या गोष्टी आणि ‘पुढे कधीतरी’ अशा वेगळ्या याद्या कराव्यात. विशिष्ट तारखेस बांधलेले कामच दिनदर्शिकेत लिहावे.

4. आढावा : आठवड्यातून एकदा सर्व याद्या वाचाव्यात. प्रत्येक प्रकल्पापुढे निदान एक कृती आहे की नाही, हे तपासावे.

5. करणे : हाताशी असलेला वेळ, स्थळ आणि शक्ती पाहून काम निवडावे व ते करावे.

आमच्या अनुभवाप्रमाणे यांपैकी चौथा टप्पा सर्वांत आधी सुटतो. यादी करताना उत्साह असतो. ती पुन्हा वाचण्याचा कंटाळा येतो. ज्या यादीचा आढावा होत नाही, तिच्यावर मनाचा विश्वास राहत नाही, आणि सारा भार पुन्हा डोक्यात येऊन बसतो. आम्ही आता रविवारी सकाळी अर्धा तास यासाठी राखून ठेवतो. ‘इतरांकडून येणे’ ही यादी त्या वेळी विशेष काळजीने वाचतो, कारण पालकांचे कागद नेमके तेथेच अडकलेले असतात.

लिहून ठेवल्याने मन हलके होते, हा केवळ समज नाही. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, अपूर्ण राहिलेले उद्दिष्ट दुसऱ्या कामात व्यत्यय आणते; मात्र ते केव्हा व कसे पूर्ण करावयाचे याची निश्चित योजना आखली की, ते पूर्ण होण्यापूर्वीच हा व्यत्यय ओसरतो. अभ्यासिकेत बसून घरच्या चिंतेने पान न उलटणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात घ्यावे.

यासाठी महागडा फोन लागत नाही. शंभरपानी वही पुरते. पहिल्या पानांवर प्रकल्प, मध्ये पुढच्या कृती, शेवटी येणे असलेल्या गोष्टी. इतिहासाचा प्रकल्प द्यावयाचा असेल तर ‘इतिहास प्रकल्प’ असे न लिहिता ‘ग्रंथपालांकडे गावाच्या नोंदींचे गॅझेटियर मागणे’ असे लिहावे. वाक्यात क्रियापद नसेल तर ती कृती नव्हे, असे खुशाल समजावे.

एक इशाराही देणे आवश्यक आहे. याद्या रंगवीत बसणे हेच काम होऊ लागले तर वही मिटून ठेवावी आणि त्यातील पहिली कृती करावी. वही कामासाठी आहे.

स्वाध्याय : आपल्या मनात घोळत असलेले एक मोठे काम लिहा. त्याखाली उद्या करता येईल अशी एकच कृती क्रियापदासह लिहा. त्या कृतीसाठी कोणाची सही, कागद वा भेट लागते काय, ते पाहा. आणि ती व्यक्ती आज जवळ असेल तर उद्याची वाट पाहू नका.