नोंद आणि वस्तुस्थिती : संगणकाच्या स्मृतीचे संरक्षण

करवसुली, जमिनीचे अभिलेख, शिष्यवृत्त्या, निवृत्तिवेतन अशी शासनाची कितीतरी कामे आता संगणकावर चालतात. या यंत्राच्या अंतरंगाशी आपल्याला काय कर्तव्य, असे अधिकाऱ्यांस, शिक्षकांस वा पंचायत सदस्यांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दप्तर सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे एक तत्त्व तेथेही लागू पडते. नोंद आणि वस्तुस्थिती यांची कधीही फारकत होऊ द्यावयाची नाही, हेच ते तत्त्व होय.

कॅनडातील प्रसंग

एप्रिल २०१४ मध्ये कॅनडाच्या केंद्रीय कर विभागाला ऐन विवरणपत्रांच्या दिवसांत आपली संगणकीय सेवा काही दिवस बंद ठेवावी लागली. तोपर्यंत सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेले होते. विवरणपत्रे भरण्याची ३० एप्रिलची मुदतही ५ मेपर्यंत वाढवावी लागली.

या प्रकाराचे मूळ ओपनएसएसएल या आज्ञावलीत होते. संगणकांमधील संदेश गुप्त ठेवण्यासाठी ती जगभर वापरली जाते. दोन संगणकांमधील संपर्क चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी एक संगणक थोडासा मजकूर आणि त्या मजकुराची लांबी दुसऱ्याकडे पाठवितो; दुसऱ्याने तोच मजकूर परत करावयाचा असतो. मजकूर एका अक्षराचा आणि सांगितलेली लांबी मात्र हजारो अक्षरांची, असा संदेश आला तर काय होईल? ओपनएसएसएलने सांगितलेली लांबी खरी मानली. मजकूर संपल्यावर स्मृतीत त्याच्या शेजारी जे काही होते, तेही उचलून तिने परत पाठविले. एका वेळी सुमारे ६४ हजार बाइटपर्यंत माहिती अशा रीतीने बाहेर जाऊ शकत होती. तीत परवलीचे शब्द असत, गुप्त किल्ल्याही असत. हा दोष 'हार्टब्लीड' या नावाने ओळखला जातो. तो ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला आणि त्याच दिवशी सुधारित आवृत्तीही निघाली.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. सांगितलेली लांबी प्रमाणाबाहेर असल्यास तो संदेश निमूटपणे टाकून द्यावा, असा स्पष्ट नियम या पद्धतीच्या २०१२ मधील लेखी मानकात होता. नियम कागदावर होता. परंतु संदेश जेथे स्वीकारला जाई, तेथे त्याची तपासणी होत नव्हती.

अढळ नियम म्हणजे काय ?

संगणकात माहिती विशिष्ट रचनेत ठेवलेली असते. वाढत जाणारी यादी हे तिचे साधे उदाहरण होय. अशा यादीसाठी तीन नोंदी ठेवाव्या लागतात : जागेचा पत्ता, जागेत एकूण किती घरे आहेत ती संख्या, आणि त्यांपैकी किती भरली आहेत ती संख्या. या नोंदींमध्ये काही नाते सदैव टिकावे लागते. पत्ता आपल्याच ताब्यातील जागेचा हवा. भरलेल्या घरांची संख्या एकूण घरांपेक्षा अधिक होता कामा नये. आणि भरलेले म्हणून नोंदलेले प्रत्येक घर खरोखरच भरलेले हवे. या नात्यांस आपण यादीचे अढळ नियम म्हणू. सी या भाषेत ते पाळण्याचा भार सर्वस्वी आज्ञावली लिहिणाऱ्यावर असतो.

घरे अपुरी पडली की मोठी जागा घ्यावी लागते. त्या वेळी क्रमास फार महत्त्व असते. प्रथम नवी जागा मिळवावयाची, जुना मजकूर तेथे उतरवून घ्यावयाचा, पत्ता व घरांची संख्या बदलावयाची आणि मगच जुनी जागा सोडावयाची. कोणाजवळ जुना पत्ता शिल्लक राहिला, तर तो पुढे दुसऱ्याच्या घरात शिरतो. हे काम चालू असताना नियम क्षणभर मोडलेला असू शकतो. त्या क्षणी अन्य कोणालाही आत येऊ देता कामा नये.

जबाबदारीची सीमा

२०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट या भाषेत यांपैकी पुष्कळशी तपासणी भाषांतरक आज्ञावलीच आधी करते. जेथे तिला खात्री देता येत नाही, तो भाग 'असुरक्षित' अशी खूण करून लिहावा लागतो आणि त्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. मात्र केवळ खूण केलेला भाग तपासून भागत नाही. नवी जागा न घेता घरांची संख्या तेवढी वाढविणारी एखादी ओळ खुणेबाहेरही लिहिता येते. ती स्वतः निरुपद्रवी दिसते. परंतु त्या संख्येवर विसंबून खुणेतील भाग पुढे परक्या जागेत लिहू लागतो. म्हणून या नोंदी खाजगी ठेवतात. ज्या विभागास त्या बदलण्याचा अधिकार असतो, तो संपूर्ण विभाग तपासावा लागतो; बाहेरच्यांना केवळ नेमून दिलेल्या मार्गानेच बदल करता येतो.

ही व्यवस्था आपल्याला नवी नाही. सातबाऱ्यावरील हक्काची नोंद कोणी हवी तशी खोडून बदलू शकत नाही. त्यासाठी फेरफाराची नोंद व्हावी लागते आणि ती प्रमाणित व्हावी लागते. गटाचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळली नाही, तर पुढचा प्रत्येक उतारा चुकत जातो.

म्हणून आपल्या कार्यालयासाठी संगणकीय प्रणाली तयार होत असताना अधिकाऱ्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : कोणते नियम कधीही मोडता कामा नयेत, ते लिहून ठेवले आहेत काय? त्या नोंदी बदलण्याचा अधिकार किती ठिकाणी आहे? आणि बाहेरून आलेला आकडा स्वीकारण्यापूर्वी तो वस्तुस्थितीशी ताडून पाहिला जातो काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तरच नागरिकांनी विश्वासाने दिलेली माहिती सुरक्षित राहील.