जानोशाच्या खोलीतली ती रात्र

अगं, काल फोनवर तू एकच वाक्य चारदा म्हणालीस, ‘ताई, माझंच चुकलं, मीच गादी बघून घ्यायला हवी होती.’ बाकीचं सगळं विसरले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून आज दुपारचं काम ठेवून तुझ्याशी बोलायला बसले.

तुझं काहून चुकलं गं? दिवसभर वरातीत फिरून थकलेलं चार वर्षांचं लेकरू तू गादीवर निजवलंस. आई निजवतेच. गादी स्वच्छ ठेवायचं काम ज्याचं होतं, त्याने ते केलं नाही. आधी हे मनात नीट बसू दे, मग पुढचं बोलू.

तू रात्री दोन वाजता पाठवलेला फोटो मी पुन्हा मोठा करून पाहिला. पाठीवर कंबरेपासून खांद्यापर्यंत लाल गांधी, त्याही तीन-तीन, चार-चार अशा ओळीत. तुझ्या सासूबाई म्हणतात घामोळ्या आहेत. घामोळ्या अशा ओळीने येत नाहीत, बाई. ढेकूण मात्र असाच चालत चालत चावतो. तो उडत नाही, गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या फटीत दडतो, आणि शिवणीवर शाई सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके सोडतो. त्याच्यामुळे कुठला रोग पसरतो असं आजवर दिसलेलं नाही, त्यामुळे घाबरू नकोस. पण पोरं खाजवतात, नखांनी कातडी फुटते आणि मग त्यात पू होतो. लेकराची नखं आजच काप. ताप आला किंवा गांधी चिघळल्या, तर थांबू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

आता तुझ्या मनातली खरी अडचण. तू म्हणालीस, ‘खोलीचे पैसे आपण कुठे दिले? जानोसा मुलीकडच्यांनी दिला होता. बोललो तर म्हणतील, वरपक्षाचे नखरे बघा.’

ही अडचण मला पुरती कळते. आपल्या लहानपणी वरात उतरायचा जानोसा म्हणजे शाळेची खोली किंवा गावातलं कुणाचं तरी रिकामं घर. सतरंज्या मुलीच्या काकांनी झाडलेल्या असायच्या. त्यात काही खोट निघाली तरी माणसं गिळून टाकायची, कारण समोर हात जोडून मुलीचा बाप उभा असायचा. आता जानोसा लॉजवर असतो. त्या खोलीचे रोख पैसे मोजलेले असतात, आणि ते मोजणारा बाप तुझ्याइतकाच फसलेला असतो. तू लॉजवाल्याला जाब विचारलास तर त्यात त्या बापाचा अपमान कुठे होतो? त्याला बाजूला घेऊन, चार लोकांत नाही, एवढंच म्हण, ‘भाऊजी, तुमच्यावर राग नाही, पण त्या खोलीचं बिल मला हवं.’ मला वाटतं, तो स्वतःच तुझ्या बाजूने उभा राहील.

आणि कायदाही तुझ्याच बाजूने आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे देणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने ती सेवा वापरणाराही ग्राहकच धरला जातो. म्हणजे वरातीतली तू ग्राहक, आणि तुझं लेकरूही ग्राहक. ते लहान आहे म्हणून त्याच्या वतीने आई-बाप तक्रार करू शकतात, हेही त्यात लिहिलं आहे. जुन्या कायद्याच्या काळात, १९९८ साली, सर्वोच्च न्यायालयात स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचं प्रकरण आलं होतं. चुकीच्या उपचाराने एका लहान मुलाचं आयुष्यभराचं नुकसान झालं होतं. न्यायालयाने मुलाला ग्राहक मानलं आणि आई-बापालाही. मुलाच्या भरपाईव्यतिरिक्त आई-बापाला त्यांच्या मनस्तापाचे वेगळे ५ लाख दिले. तुझ्या पोराच्या गांधी आणि ते दुःख यांची बरोबरी मी करत नाही. पण रात्रभर लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या आईचा त्रासही कायद्याच्या हिशेबात धरला जातो, एवढं त्यातून घे.

मी हे तुला का सांगते, ते ऐक. माझी मोठी पाच वर्षांची असताना आम्ही एका देवाच्या गावी लॉजवर उतरलो होतो. पहाटे ती रडत उठली. मी चादर ओढली. खाली रबरी कापड, त्याखाली ओली, आंबट वासाची गादी. मी माझ्या ओढणीचं टोक शिवणीवरून फिरवलं, तर त्यावर गंजासारखा तांबूस डाग उठला. खाली गेले तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘बाई, घरूनच आणले असतील.’ मला इतकी लाज वाटली की मी एक शब्द न बोलता सामान भरलं. फोटो नाही, बिल नाही. ती ओढणी घरी येऊन पहिल्यांदा मीच धुतली. पोरीच्या पायावरचं पिकलेलं बरं व्हायला दोन आठवडे लागले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं मलमाचं नाव होतं, कशामुळे झालं ते नाही. पुढे कुणीतरी तक्रार करायला सांगितलं, तेव्हा हातात दाखवायला काहीच उरलं नव्हतं. ते मला अजून सलतं.

तुझ्या हातात मात्र आहे. रात्री दोनचा फोटो वेळेसकट फोनमध्ये आहे, तो पुसू नकोस. वरातीतल्या आणखी कुणाला चावले असतील तर त्यांचेही फोटो मागव. डॉक्टरांना स्पष्ट सांग, ‘कीटक चावल्याचं आणि तारीख लिहून द्या.’ लॉजवाले बिल देत नाही म्हणाले तर तेही लिहून ठेव, कारण बिल न देणं हीच या कायद्यात अनुचित प्रथा आहे. काउंटरमागे ‘व्यवस्थापन जबाबदार नाही’ अशी पाटी असते, तिला भिऊ नकोस. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून पाहुण्याची गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी ताब्यात घेतल्यावर चिठ्ठीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ छापून हॉटेलला स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटता येत नाही. गाडीला हा न्याय, तर मग लेकराच्या अंगाला का नको?

लग्न बालाघाटला झालं, म्हणजे मध्य प्रदेशात खेटे घालावे लागतील, हीही तुझी भीती. नाही लागणार. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, म्हणजे आपल्या गोंदियाच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांसाठी ही फार मोठी सोय आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत २ वर्षांची. त्याआधी १९१५ वर फोन करून बघ. पुष्कळदा लॉजवाले एवढ्यावरच बोलणीला येतात.

आकडे फुगवू नकोस मात्र. शिकागोच्या एका मोटेलचं प्रकरण वाचलंस तर डोळे फिरतील. ढेकूण आहेत हे ठाऊक असून त्यांनी खोल्या दिल्या, ५०० डॉलरची फवारणी नाकारली, आणि २००३ मध्ये अपिलातही दोन पाहुण्यांना प्रत्येकी ५,००० डॉलर भरपाई आणि वर १,८६,००० डॉलर दंड कायम राहिला. आपल्याकडे असं काही होत नाही. दवाखान्याचा खर्च, खोलीचे पैसे, त्रासाची थोडी भरपाई, एवढं माग. आणि पोराला परवा जुलाब झाले तेही यात घालू नकोस. लग्नात त्याने दहा ठिकाणचं पाणी प्यायलं, ते कसं सिद्ध करशील? जे दाखवता येईल तेवढंच लिही.

‘एवढ्याशा ढेकणासाठी?’ असं घरात म्हणतील. म्हणू दे. आपल्याच गोंदियात डिसेंबर २०१६ मध्ये एका हॉटेलला पहाटे आग लागली आणि मुक्कामाला आलेली माणसं गेली. आग आणि ढेकूण एका मापाने मोजायचे नाहीत, पण भाड्याच्या खोलीत दार लावून आपण लेकरांना झोपवतो ते समोरच्याने त्याचं काम केलं असेल या भरवशावरच. १८६७ च्या सराई कायद्यातसुद्धा लिहिलं होतं की सराईवाल्याने खोल्या, पडव्या, गटारं, विहिरी स्वच्छ ठेवाव्यात. तेव्हा बैलगाडीने येणाऱ्या वाटसरूचा हा हक्क होता. मग तुझ्या पोराचा नसेल का?

उद्या आमगावहून सकाळच्या गाडीने ये, आपण दोघी बसून मराठीतच अर्ज लिहू. वरातीच्या बॅगा घरात उघडू नकोस, कपडे उकळत्या पाण्यात टाक, बॅगा अंगणात उन्हात ठेव. फक्त पोराच्या अंगात त्या रात्री होता तो पिवळा सदरा धुतला नसशील, तर तसाच प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून घेऊन ये.